पाहुणी आणि पोटातलं पाणी

९ मार्च

मुंगे,

आशीर्वाद आधी लिहून टाकतो. पुढे मजकूर भरकटला की ते राहून जातात आणि मग तुझी आई म्हणते, बापाला मुलीला आशीर्वाद द्यायचीही आठवण नाही. अर्थात हे पत्र ती वाचणार नाहीये. मी लिहितोय हेही तिला माहीत नाही.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मीच दुरुस्त केला. आता गळत नाही, नुसता कुरकुरतो. दुकान विकलं तरी लोक शिवणयंत्रं घेऊन घरी येतातच. परवा एक बाई सासूबाईंचं यंत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे चालू करून द्या, पण आवाज तोच राहू द्या. पाहुणी मजेत आहे. तू ठेवून गेलीस तेव्हा ओंजळीत मावायची, आता दारातून येताना आधी पोट आत येतं आणि मग मांजर. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य तिला जिन्यात अडवून तिच्या वजनावर भाषण देतात. ती शांतपणे ऐकून घेते.

अक्षर हलल्यासारखं दिसत असेल तर टेबलाचा एक पाय आखूड आहे. टेबल आपलं नाही, इस्पितळाच्या कॅन्टीनमधलं आहे. घाबरू नकोस. तुझ्या आईला तीन-चार दिवसांसाठी ठेवून घेतलंय, एवढंच.

तुझ्या वेधशाळेच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवता आला असता. पण निरोप आहे म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि तसं काही नाही. शिवाय फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझा आवाज ऐकला की मी तिकडची हवा कशी आहे विचारतो, आणि तू बिचारी पगार घेऊन दिवसभर तेच सांगत असतेस. त्यापेक्षा पत्र बरं. डोंगरावर तुमच्या सामानाची गाडी जाईल तेव्हा पोचेल.

तू गेल्यानंतर आईचं डायलिसिस सुरू झालं, म्हणून ते कसं चालतं हे तुला ठाऊक नसणार. तिच्या पोटात एक बारीक नळी बसवली आहे, तिचं टोक बेंबीच्या शेजारी बाहेर असतं. औषधी पाण्याची पिशवी कोमट करायची, नळीला जोडायची, पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं आणि काढून टाकायचं. किडनीने करायचं काम ते पाणी करतं. दिवसातून चार वेळा. पण घरच्या घरी होतं, इस्पितळात यंत्राला जखडून बसावं लागत नाही, आणि संध्याकाळी तिच्या गणिताच्या मुलींना शिकवता येतं.

हे सगळं ती एकटी करते. सिस्टरने तिला शिकवलं: हात धुवायचे, मास्क लावायचा, पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद, खोलीत दुसरं कोणी नको, प्राणी तर मुळीच नको. आयुष्यभर शाळा चालवलेली बाई. नियम ऐकला की तिचा चेहरा उजळतो. पिशवीची वेळ झाली की ती आत जाऊन कडी लावते आणि मी बाहेरच्या खोलीत, पाहुणी दाराकडे जाऊ नये म्हणून, पहाऱ्याला बसतो. माझ्या पहाऱ्याचा दर्जा असा की पाहुणी कुठे दिसली नाही तर मी समजतो गॅलरीत असेल, आणि पेपर वाचतो.

गेल्या आठवड्यात पोटातून काढलेलं पाणी गढूळ आलं. तांदूळ धुतल्यावर येतं तसं. मग ताप आला, पोट दुखायला लागलं. पोटात जंतू शिरलेत. अशा पेशंटांना अधूनमधून होतं म्हणे हे, औषधाने जातं. बाकी विशेष नाही.

उत्तर दिलंस तर घरच्या पत्त्यावर दे.

बाबा


१४ मार्च

मुंगे,

मागच्या पत्रात 'तीन-चार दिवस' लिहिलं होतं. ते शिवणयंत्रवाल्याचे तीन-चार दिवस होते, गिऱ्हाइकाला सांगतात ते. आई अजून इथेच आहे.

आता खरं लिहितो. सुरुवातीची औषधं लागू पडली नाहीत. नेहमी जे जंतू सापडतात त्यांच्यासाठी ती औषधं होती, म्हणजे तिच्या कातडीवरचे, नाकातले, आपल्याच अंगावर राहणारे. ताप उतरेना, पाणी निवळेना. किडनीचे डॉक्टर उंच आहेत आणि वाईट बातमी सांगताना पलंगाशेजारी वाकतात. ते वाकले की मी समजून जातो. ते म्हणाले, असंच राहिलं तर नळी काढावी लागेल. एकदा काढली की पुन्हा बसवता येईलच असं नाही, कारण आतलं पोट तोवर चिकटलेलं असतं. मग यंत्रावरचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा दिवस.

आईने मान डोलावली आणि विचारलं, "ताप किती आहे आत्ता?" जणू दुसऱ्याच कोणाचा निकाल सांगत होते. मी मात्र कॅन्टीनमध्ये येऊन एक चहा घेतला आणि तो न पिताच परत गेलो. मुंगे, मी घाबरलो होतो. हे तिला सांगू नकोस, अर्थात तुम्ही बोलतच नाही म्हणा.

काल प्रयोगशाळेतून एक डॉक्टरीणबाई वर आल्या. तरुण आहेत, बुटक्या, केसात पेन खोचतात आणि मग पेन शोधतात. इस्पितळात कुणाच्या रक्तात नाहीतर पोटात सहसा न सापडणारा जंतू निघाला की या बाई त्या पेशंटला स्वतः येऊन भेटतात. कोण आहे, आधीचा आजार काय, घरी काय करतो, जंतू कुठून आला असेल, आणि शेवटी त्या माणसाचं काय झालं, हे सगळं त्या जमा करतायत. एका काकांच्या हातात त्यांच्या माशांच्या टाकीतला जंतू निघाला. एका बाईंच्या फुप्फुसात बागेतल्या मातीतला. अंगातली ताकद कमी झालेली असली, किंवा शरीरात एखादी नळी असली, की एरवी कुणाच्या वाटेला न जाणारे जंतूही आत शिरतात, असं त्या म्हणाल्या. "वेळेवर ओळखले तर बहुतेक जण बरे होऊन घरी जातात." हा 'बहुतेक' शब्द मला काही आवडला नाही.

आईच्या पाण्यात जो निघालाय त्याचं नाव पाश्चरेला. मांजरांच्या तोंडात राहतो. मांजरांना त्याचं काही होत नाही. त्याच्यावर पेनिसिलीनच्या घराण्यातलं साधं, जुनं औषध चालतं, ते कालपासून सुरू केलंय.

"घरी मांजर आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण त्या खोलीत येत नाही. मी स्वतः पहारा देतो."

त्यांनी आईचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. ओरखडा नाही, चावा नाही. मग आईलाच विचारलं, "मांजर तुमच्या खोलीत कधी येतं का? पिशवी जोडताना? किंवा पिशवी गरम करायला ठेवलेली असताना?"

"नाही," आई म्हणाली.

माझ्या बायकोला मी इतकी वर्षं ओळखतो. ती खोटं बोलत नाही, तिला ते जमतही नाही. शाळेत एखाद्या मुलीने खोटं सांगितलं तर हिचाच चेहरा पडायचा. त्यामुळे मी छाती पुढे काढून उभा राहिलो. फक्त एक गोष्ट मला खटकली. 'नाही' म्हणताना ती खिडकीकडे बघत होती आणि खिडकीला पडदा होता.

संध्याकाळी किडनीचे डॉक्टर आले आणि वाकले. म्हणाले, औषध लागू पडेल असं दिसतंय, पण जंतू आला कुठून हे कळायला हवं. कळलं तर तो रस्ता बंद करता येईल आणि नळी ठेवता येईल. नाही कळलं तर बरी होऊन घरी गेल्यावर पुन्हा होणार, आणि पुढच्या वेळी इतक्यावर निभावेलच असं नाही. तसा धोका घेण्यापेक्षा नळी काढलेली बरी. दोन-तीन दिवसांत ठरवतील.

त्या दिवशी तू किडनी द्यायला निघालीस आणि आई तुला म्हणाली, "मला तुझं काही नको. जाताना ती मांजरही घेऊन जा." त्यानंतर तू फक्त बॅग घेऊन गेलीस. ते वाक्य या घरात अजून उभं आहे, आम्ही दोघं त्याच्या बाजूने ये-जा करतो. आज ते उकरून काढायचं नव्हतं. पण नळी गेली तर तो विषय परत निघणार हे तुला आधी कळलेलं बरं. माझी किडनी साखरेमुळे चालत नाही हे तुला माहीतच आहे.

बाबा


१७ मार्च

मुंगे,

आज हसावं की रडावं ते कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

आईचा ताप उतरलाय. पाणी बरंच निवळलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरून मला दाखवली आणि आम्ही दोघं त्या पाण्याकडे असे बघत राहिलो जसं काही त्यात कोणी पोहणार आहे. पण जंतूचा रस्ता सापडलेला नाही आणि उद्या डॉक्टर नळीचं ठरवणार आहेत.

सकाळी मी अंघोळीला घरी गेलो. पाहुणीला खायला घातलं, तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. गेले कित्येक दिवस तिचं हेच चाललंय. मला वाटलं, दंतवैद्यांचं भाषण शेवटी मनाला लागलं असेल. मग मी शर्टाला बटण लावत बसलो. दुपारच्या पिशवीची वेळ झाली. मला ती वेळ घड्याळात बघावी लागत नाही, आपोआप कळते. पाहुणीलाही कळते हे आज समजलं. ती गॅलरीतून उठली, ताठ शेपटीने चालत आईच्या खोलीपाशी गेली आणि बंद दारासमोर बसली. ओरडली नाही. आत कोणीतरी आहे आणि आता उघडेल, अशा खात्रीने बसली.

मी म्हटलं, "अगं, तिकडे नाही." तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी दार उघडलं. ती माझ्या पायाला वळसा घालून आत गेली, आधी स्टुलावर, स्टुलावरून टेबलावर. टेबलावर ते विजेचं शेकायचं पॅड असतं, ज्याच्यावर आई पाण्याची पिशवी कोमट करते. पाहुणीने पॅडवर एक फेरी मारली आणि मधोमध बसली. जागा तिच्या मापाची झालेली होती, मुंगे. पॅडचं कापड मध्ये खोलगट आणि कडेने करड्या केसांची किनार, एखाद्या टोपीला लावावी तशी.

मग मी खाली वाकून बघितलं. पलंगाखाली भिंतीला लावून एक बशी होती. आपल्या चांगल्या सेटातली, निळ्या कडेची. ज्या सेटातून मला आजवर एकदाही चहा मिळालेला नाही, कारण तो पाहुण्यांसाठी आहे. तळाला दूध वाळलेलं. बशीमागे एक न वापरलेली पिशवी तिच्या जोडनळीसकट गुंडाळून ठेवलेली. नळीवर दोन-तीन जागी दातांच्या खुणा होत्या, शिवणयंत्राची सुई रिकामी चालवल्यावर पडतात तशा बारीक. म्हणजे तुझ्या आईने त्या पाहिल्या होत्या. पिशवी वापरली नाही आणि टाकूनही दिली नाही, कारण कचरा मी बाहेर नेतो.

आणि मी इतके दिवस बाहेरच्या खोलीत दाराला पाठ लावून पहारा देत होतो. मांजर आत आणि शिपाई बाहेर.

मी बशी धुतली, रुमालात गुंडाळली आणि इस्पितळात घेऊन गेलो. आईला चहा त्या बशीत ओतून दिला. तिने कप बघितला, बशी बघितली आणि चहा बशीतच राहिला.

"दार उघडलंत?"

"मी नाही. तिने उघडायला लावलं."

"पॅडवर बसली?"

"बसली."

"खाते का?"

"नाही खात."

तिचा चेहरा मी काय वर्णन करू. ती बराच वेळ चादरीची घडी करत राहिली, जी आधीच घातलेली होती. मग म्हणाली, "सुरुवातीला दाराबाहेर रडायची हो. मुलींचं गणित चालू असलं तरी. म्हटलं एकदा आत घेऊ. गरम लागतं तिला. पिशवीच्या नळीला तोंड लावते हे कळल्यावर मी तिला जवळ येऊ देत नव्हते, पिशवी उचलली की खाली उतरवायची. पॅड पुसून घ्यायची. मला वाटलं तेवढं पुरे."

"अगं, मग त्या डॉक्टरीणबाईंना सांग ना. तेवढंच तर हवंय त्यांना. नळी वाचेल."

"तुम्ही मुंगीला लिहाल."

"मी तिला लिहितो हे तुला..."

"तुमच्या बोटाला शाई असते. आणि घरात असता तेव्हा तुम्ही कधी काही लिहीत नाही."

मी हात खिशात घातला.

"तिला वाटेल मी विरघळले," आई म्हणाली.

"वाटू दे."

"आणि मग येईल. आली की परत तोच विषय काढेल. परत ते टेबल, परत तो फॉर्म, परत 'आई, माझ्याकडे दोन आहेत'. मला एकदा नाही म्हणायला जेवढं बळ लागलं ना, तेवढं परत नाही माझ्यात."

मी विचारलं, मांजर खोलीत यायची एवढं सांगण्यापेक्षा नळी गेली तरी चालेल का? ती म्हणाली, चालेल. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्या हट्टापुढे मी तरुणपणीच हात टेकलेत, आता म्हातारपणी काय नवीन करणार.

मी स्वतःच जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगावं का, हा विचार करत जिन्यात उभा होतो. आठ-दहा पायऱ्या उतरलोही. मग परत वर आलो. आमच्यात एक आहे, तिच्याविषयीचं तिनेच सांगायचं. उद्या सकाळपर्यंत थांबतो. तिने नाहीच सांगितलं तर मात्र मी सांगणार, मग तिने आयुष्यभर अबोला धरला तरी चालेल. नळी वाचली तर आयुष्यही जरा लांब असेल.

बाबा


१८ मार्च

मुंगे,

कालचं पत्र आणि हे पत्र एकाच पाकिटात घालतोय, म्हणजे तुला रात्रभर ताटकळत राहावं लागणार नाही.

नळी राहिली. हे आधी सांगून टाकलं, आता सावकाश सांगतो.

सकाळी किडनीचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई दोघं एकत्र आले. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, शाळा तपासायला साहेब येणार असल्यासारखी. मी दाराशी उभा होतो. मी बोलणार होतो. घसा खाकरूनही झाला होता.

डॉक्टर वाकले. म्हणाले, "बाई, पाणी निवळलंय, छान झालं. पण जंतू कुठून आला ते अजून कळलेलं नाही, तेव्हा नळी काढावी असं माझं मत आहे. तूर्त यंत्रावर डायलिसिस करू. पण तेही फार वर्षं करत राहायचं नाही, तुमचं हृदय बघता. तेव्हा किडनी बदलायचा विचार आपल्याला परत करायला लागेल." त्यांनी कागद चाळले. "तुम्हाला मुलगी आहे ना एक? तिला बोलावून घ्या. मी बोलतो तिच्याशी."

त्यांचं वाक्य पुरं झालं नसेल, तोच आई म्हणाली, "मांजर माझ्या खोलीत असते."

डॉक्टरीणबाईंनी केसातलं पेन काढलं. या वेळी ते पहिल्याच झटक्यात सापडलं.

"रोज असते," आई म्हणाली. "चारही वेळा. पॅडवर बसते, पिशवी गरम होते तिथेच. पिशवीची नळी चावते, मी पाहिलंय. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. यांना माहीत नव्हतं, यांना काहीच माहीत नसतं." हे शेवटचं अनावश्यक होतं असं माझं मत आहे. "आता कुठून आला ते कळलं ना? मग नळी ठेवा. मुलीला बोलवायचं काही कारण नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी मांजरासारखं तोंड केलं.

मुंगे, तू त्या दिवशी तिने तुला 'नको' म्हटलेलं ऐकलंस. मीही ऐकलं होतं आणि मलाही ते तुसडेपणाचंच वाटलं होतं, कारण तिने ते तसंच म्हटलं. आज तिने तेच परत म्हटलं आणि मी तिच्या पलंगापासून दोन हातांवर उभा होतो. तुझं नाव निघालं आणि काल जे बोलण्यापेक्षा नळी गेलेली चालणार होती ते तिने घडाघडा सांगून टाकलं. स्वतःसाठी नाही सांगितलं. तुझ्या कुशीवर कुणी सुरी ठेवू नये म्हणून सांगितलं. मला त्या खोलीत थांबवेना. मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो, वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, काका, बसा जरा. बसलो.

परत आत आलो तेव्हा मांजरावर वाटाघाटी चालू होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, मांजर घरातूनच हलवलेली बरी. कुणाला तरी देऊन टाका.

"देता येणार नाही," आई म्हणाली.

"का?"

"माझी नाहीये ती. ठेव आहे. ज्याची त्याला परत करायची असते, तोवर जपायची असते."

"खोलीत न येऊ देणं जमेल का मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जमेल. बाहेरून कोणीतरी जागा राहून पहारा दिला तर जमेल," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

शेवटी असं ठरलं: औषध तीन आठवडे पुरं करायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर नळी तशीच. पॅड नवीन घ्यायचं, खोली धुऊन काढायची, तिच्या दाराच्या आत मांजराने पाऊल टाकायचं नाही, आणि शिकवणाऱ्या सिस्टर घरी येऊन बघून जातील. पुन्हा पाणी गढूळ आलं तर मात्र नळी निघणार. आईने हे सगळं बिनतक्रार कबूल केलं. जाताना डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "तुमची गोष्ट माझ्या नोंदींत जाईल. नाव लिहीत नाही आम्ही." आई म्हणाली, "मांजराचं पण लिहू नका."

आता तू काय करावंस ते मी सांगत नाही. फक्त एवढंच, पाहुणी जेवत नाहीये, मी एकटा तिला आवरू शकेन असं मला वाटत नाही, आणि ठेव तुझी आहे. तुमच्या डोंगरावर मांजर चालत असेल तर एक पिंजरा घेऊन ये आणि घेऊन जा. वेताचा आण. प्लॅस्टिकचे तिच्या वजनाला टिकणार नाहीत.

बाबा


९ एप्रिल

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, त्यातल्या तीन पाहुणीवर. तिला कुणाला देऊ नका, तिचा डावा कान बघा, गॅलरीला जाळी लावा. चौथी ओळ, 'नळी राहील ना?' तू तुझ्या आईचीच मुलगी आहेस यात कुणाला शंका असेल तर हे कार्ड दाखवावं.

तर नळी राहील. काल तपासणी झाली. पाणी इतकं स्वच्छ आलं की पिशवीवरची अक्षरं आरपार वाचता आली, आणि आईने ती चष्मा न लावता वाचून दाखवली. औषध बंद. डॉक्टर या वेळी वाकले नाहीत, उभ्यानेच बोलले. माझा जीव भांड्यात पडला आणि मी कॅन्टीनमधला चहा पहिल्यांदा संपवला. वाईट असतो.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. खोली धुतली. सिस्टर येऊन गेल्या, त्यांनी कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं आणि आईला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. पिशवीच्या वेळी मी पाहुणीला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो. धरूनच ठेवावी लागते. सुरुवातीला तिने माझ्या मनगटावर ओरखडे काढले, मी ते साबणाने धुऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. त्या म्हणाल्या, तुम्हाला काही होणार नाही, तुमच्यात नळी नाही. आता ती मांडीवर झोपते. दाराच्या आतून आई विचारते, "आहे का तिथे?" मी म्हणतो, "आहे." मग ती विचारते, "जागी आहे का?" हे दिवसातून चार वेळा चालतं. दुधाची बशी आता बाहेर असते, माझ्या खुर्चीशेजारी, निळ्या कडेचीच. मला अजून त्या सेटातून चहा मिळालेला नाही.

तू कार्डाच्या मागे, पत्त्याच्या खाली, बारीक अक्षरात 'वीस तारखेच्या गाडीने उतरते' असं लिहिलं होतंस. मला ते दिसलं नव्हतं. तुझ्या आईला दिसलं. तेव्हा या कागदावर खाली थोडी जागा सोड, असा हुकूम आहे. सोडतोय.

बाबा


मुंगी,

यांनी तुला काय काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. अंदाज आहे. निम्मं कमी करून वाच.

पाहुणीच्या कानाला काही झालेलं नाही, तिला तो चोळून घ्यायची सवय आहे. आधी कान, मग दूध, असा क्रम आहे. दूध कोमट लागतं. जाळी लावली. दंतवैद्यांनी तिच्या वजनाबद्दल काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस, त्यांना दातांचं कळतं.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. पांघरूण जाड काढलंय, तुला डोंगरावरच्या थंडीची सवय असली तरी.

किडनी हा शब्द घरात काढायचा नाही. त्या दिवशी मी जसं बोलले तसं बोलायला नको होतं, पण उत्तर तेच आहे आणि तेच राहील. बाकी जे बोलायचं ते बोल. ओरडायचं असेल तर ओरड, खिडक्या बंद करून घेऊ.

पिंजरा आणू नकोस.

आई